लल्ला इत्तोचा काटा

आमच्या गल्लीत पोरांना गप्प बसवायला कुणी भुताचं नाव घेत नसे, लल्ला इत्तोचं घेत. लल्ला हे आमच्याकडे बाईच्या नावापुढे मानानं लावतात. ती तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुया टोचत होती. निवृत्त झाल्यावरही मोरोक्कोतल्या अझ्रू गावी आमच्या चढावरच्या कुठल्याही घरात कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की हाक तिलाच जायची. इंजेक्शनला आम्ही शौका म्हणतो, म्हणजे काटा. 'मुकाट्यानं जेव, नाहीतर लल्ला इत्तोला बोलावते, काटा टोचेल' हे मी माझ्या लेकीला, तिलीलाला दिवसातून किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. लल्ला चढ चढताना दिसली की पोरं धूम ठोकायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

तिलीला आठ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. नऊ दिवस इस्पितळात काढून घरी आलो ते चार वेळा टोचायचं इन्शुलिन घेऊन, रोज चार वेळा, आणि जन्मभर. नर्सनं मला नीट दाखवलं होतं. मीही मान डोलावली होती, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. हे हात गालिचे विणतात, रोज दोन वेळची कणीक मळतात, पण सिरींज धरली की लटपटायला लागायचे. तिलीला गच्चीवर वाळत घातलेल्या लोकरीमागे जाऊन लपायची. माझा नवरा मूहा तिला धरून आणायचा, तिचे पाय दाबून ठेवायचा आणि स्वतः भिंतीकडे बघत बसायचा. मग मी जमेल तिथे टोचायचे. एकदा निम्मं औषध तिच्या मांडीवरून ओघळून गेलं.

मूहाची बहीण रकूश मेकनेस शहरात नर्स आहे. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं, मंगळवारी येते आणि पोरीला माझ्याकडे घेऊन जाते, तुमच्या हातात राहिली तर ती जगायची नाही. मला रागही येईना, कारण ती खोटं बोलत नव्हती. मूहानं होकार देऊन टाकला.

त्यातच शेजारणी भेटायला येऊ लागल्या. आजाऱ्याकडे आपण रिकाम्या हातानं जात नाही, निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका, दोन किलोचा घट्ट ठोकळा, घेऊन जातो. तर साखरेचा आजार झालेल्या पोरीपुढे सात सुळके उभे राहिले. यात काही चुकतंय हे आणणारींच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. मी त्यातलाच एक फोडून सगळ्यांना चहा पाजला.

शुक्रवारी लल्ला इत्तो आली, ती अंडी घेऊन. तिनं ओळीनं मांडलेले सुळके पाहिले आणि विचारलं, "या बायका पोरीला बरं करायला आल्या होत्या की संपवायला?"

तिलीलानं आवाज ओळखला आणि गच्ची गाठली. लल्ला तिच्यामागे गेली नाही. खाली बसली आणि मला म्हणाली, हाद्दा, टोचताना पोर काय बोलते ते सांग. मूहाशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, "दर वेळी विचारते, आई, मी काय केलं?"

"आणि तू काय सांगतेस?"

"हलू नकोस म्हणते."

लल्लानं पुढ्यातला सुळका बाजूला सारला. मग म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्या नावानं पोरं भिववलीत. मी बहिरी नाही, हाद्दा. माझं जाऊ दे. पण त्या पोरीला वाटतंय की तिला शिक्षा चाललीय. आधी वर जा, तिला खरं काय ते सांग, मग सुईला हात लाव."

आईनं मुलीची माफी मागायची रीत आमच्याकडे नाही. तरी मी गेले. लोकरीमागे तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, तू काही केलेलं नाहीस. मी तुला गप्प करायला खोटं बोलत होते. हा काटा शिक्षा नाही. तुझ्या अंगात एक गोष्ट बनायची थांबलीय, ती बाहेरून घालावी लागते, एवढंच. ती ऐकून रडली नाही, रडले मी. मग तिनं विचारलं, "लल्ला इत्तोला कुणी टोचतं का?"

खाली जिन्याशी लल्लाचे कान टवकारलेलेच होते. "ये की," ती म्हणाली, "तूच टोच."

तिनं साबणानं हात धुतले, आम्हा दोघींनाही धुवायला लावले. पाकिटातली नवीकोरी सिरींज काढली, आत काही भरलं नाही, आणि थरावर थर चढवलेले कपडे वर करून पोटाची वळी चिमटीत धरली. तिलीलानं डोळे मिटले.

"उघड ते. बघून टोचायचं."

तिनं टोचलं. लल्लानं पापणीही हलवली नाही. "दुखलं," ती म्हणाली. "मुंगी चावते तेवढं. तुला कशाला खोटं सांगू?" इस्पितळातून आल्यापासून तिलीला पहिल्यांदा हसली. पाठोपाठ माझी पाळी. दर खेपेला नवी सुई घेऊन लल्लानं मला तिच्याच पोटावर तीनदा टोचायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला माझ्या हाताची लटपट थांबली. सत्तरीची बाई माझ्या पोरीसाठी स्वतःला भोकं पाडून घेत होती, वर मलाच भित्री म्हणत होती.

पुढचे चार दिवस ती प्रत्येक वेळेला हजर. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाजवळ नाही. औषध किती ओढलं ते खिडकीच्या उजेडात मी वाचायचं, मग माझा आकडा न सांगता मूहाला वाचायला द्यायचं, आणि दोघांचा आकडा जुळला तरच टोचायचं. ताट आधी वाढून तयार. टोचल्यावर दहा मोजून मग सुई काढायची. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत, वर झाकण घट्ट. रोज त्याच जागी टोचलं तर गाठ येते आणि औषध लागू पडत नाही, म्हणून तिनं तिलीलाच्या पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून मेंदीच्या बारीक रेघांनी चौकटी आखल्या. सुई चौकटीच्या मधे टोचायची, रेघेवर नाही. सणाशिवाय मेंदी मिळाली म्हणून पोर खूश. आणि ते सुळके फोडून तिनं खडे केले, तिलीलाच्या खिशात घातले. औषधानं साखर फार उतरून हातपाय थरथरले, घाम सुटला की लगेच तोंडात टाकायचे आणि आईला हाक मारायची.

मंगळवारी रकूश आली, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत. येतानाच टॅक्सीवाल्याला परतीच्या दोन जागा धरायला सांगून आली होती. दुपारची वेळ झाली होती. मी हात धुतले, औषध ओढलं, आकडा वाचला, मूहानं वाचला. तिलीला स्टुलावर येऊन बसली, सदरा स्वतःच वर केला आणि म्हणाली, "आई, आज डावीकडची खालची." मी बिस्मिल्ला म्हणून टोचलं, आणि दहा तिनं मोजले.

रकूश कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं सुयांची बाटली उचलून पाहिली, फ्रिज उघडून पाहिला. लल्ला इत्तो कुणाकडेही न बघता पाव मोडत बसली होती. जेवणं झाल्यावर रकूश मला म्हणाली, "माझ्या वॉर्डातल्या नव्या मुली इतकं नीट करत नाहीत." तिलीलाच्या कपड्यांची मी बांधून ठेवलेली पिशवी तिनं उचललीच नाही.

आम्ही सगळे तिला टॅक्सीच्या अड्ड्यापर्यंत पोचवायला गेलो. लल्लाचे आभार मानावेत म्हणून मी वळले, तर ती केव्हाच बाजारात शिरून कुणाशी तरी कांद्यावरून भांडत होती. रकूश टॅक्सीत बसली. सहा माणसं भरल्याशिवाय आमच्याकडची टॅक्सी हलत नाही, आणि रकूश धरून पाचच झाली होती. ड्रायव्हर दार उघडं धरून ओरडू लागला, "मेकनेस, एक जागा! एक जागा, मेकनेस!" ती जागा माझ्या पोरीची होती. मी तिचा हात धरून तिथेच उभी राहिले आणि तो ओरडत होता तोवर ऐकत राहिले.