साखरपुड्यानंतरची नऊ पत्रं

“ह्यातलं खरं कंचं आन् खोटं कंचं, ते आदी बोल.”

माझे होणारे सासरे आमच्या कुसगावच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की हायवेवर दोन ट्रकांनी ब्रेक मारले म्हणतात. एका हातात साखरपुड्यात आम्ही नेसवलेली साडी, दुसऱ्यात मी त्यांच्या पोरीला धाडलेली नऊ पत्रं. वराळ्याहून मोटरसायकलवर आले होते. हेल्मेट अजून डोक्यावरच.

पत्रांचं सांगतो. मी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. तांबड्या समुद्रात तेव्हा जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती, म्हणून कप्तानाने सगळ्यांचे फोन काढून कुलपात घातले. उरला कागद. बंदर लागलं की टपाल जायचं. आणि आमच्याकडे लग्नाआधी पोरीच्या नावाने पाकीट जात नाही. बापाच्या नावाने जातं, बापाला चष्मा सापडत नाही, मग पोरगीच ते घरात सगळ्यांपुढे वाचून दाखवते. एवढ्या कानांसमोर गोड काय लिहिणार? मी लढाई लिहिली. एक क्षेपणास्त्र इतक्या जवळून गेलं, की दोरीवरची माझी लुंगी वाळली. एक ड्रोन मी झाऱ्याने परतवलं. सातव्या पत्रात तर कप्तान मला विचारून जहाज वळवत होता.

“समदं खरं हाय, मामा,” मी म्हणालो.

थोडं होतंही. शेजारचं जहाज डोळ्यांदेखत पेटलं, तेव्हा मी दोन तास पिठाच्या पोत्यांमागे बसून होतो. ते मात्र कुठल्याच पत्रात नव्हतं.

“खरं आसंल तर माजी पोर वरसात कुंकू पुसून माघारी यील. दिली न्हाई.”

“मग थोडं खोटं धरा.”

“मंग लबाडाला दिली न्हाई.” त्यांनी साडी ओट्यावर टाकली.

आई मध्ये पडली. “त्यो ल्हानपणापास्नं आसाच हाय, भाऊ. पवना धरणात मगर पायली म्हनून गावभर सांगत हिंडायचा.”

“त्ये साकरपुड्याआदी सांगायचं, इहीणबाई.”

ते गेले. आईने साडीची घडी घातली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

बाप हातचा गेला, पण पोरगी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बेगडेवाडी स्टेशनबाहेर गाठली. तिथल्याच एका कारखान्यात ती पॅकिंगला जायची. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, आणि चाल अशी की मला जवळजवळ पळावं लागलं. झाऱ्यापासून पोत्यांपर्यंत सगळं तिला खरंखरं सांगून टाकलं. जन्मात पहिल्यांदा. मग म्हणालो, “मामांचं सोड. तुला यायचंय ना?”

“न्हाई.”

“खोटं लिहिलं म्हणून?”

“खोटं हाय त्ये मला पयल्याच पत्रात कळलं व्हतं.” ती थांबली नाही. “नऊच्या नऊ मीच वाचली. मी कशी हाय, ह्ये एकातबी इचारलं न्हाई तुमी.”

“सगळ्या घरासमोर तुला कसं विचारणार?”

“म्हशीचं इचारलं व्हतं की.”