हात लावून पाहणारे भाऊ

आमच्या शेजारचे भाऊ रेल्वेत सिग्नलची कामं करून रिटायर झाले. स्वतःच्या गच्चीवर सोलर पॅनल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या सगळं त्यांनी एकट्यानं बसवलं. दुकानाच्या मिस्त्रीला जिनाही चढू दिला नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात लाईट गेली, की आमच्या मोहल्ल्यात त्यांचाच पंखा चालू असायचा. म्हणून माझ्या घरचं कामही मी त्यांच्यावरच सोपवलं.

वायर जोडली, की थोड्या वेळानं ते तिच्यावर उलटा हात ठेवून पाहत, आपण लेकराचा ताप पाहतो तसा.

"मीटर आहे ना भाऊ?" मी एकदा विचारलं.

"हव, आहे. पण वायर गरम होऊन राहिली का, ते हातालेच समजते."

पुढच्याच आठवड्यात माझ्या नातीचं नामकरण होतं. भर दुपारी लाईट गेली, तरी आमचे पंखे फिरत राहिले. पाहुणे भाऊंचं कौतुक करू लागले. भाऊ मात्र जेवता जेवता उठले, बॅटरीच्या वायरला हात लावला आणि मेन स्विच पाडला. सगळे पंखे थांबले.

"काहून बंद केलं भाऊ?" मी जरा चिडूनच म्हटलं.

"वायर गरम होऊन राहिली, बारीक पडली. चूक माझीच आहे," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "उद्या जाडी टाकतो. तोवर कोणी चालू करू नका."

आवाजात ना ओशाळलेपण, ना घाई. ते परत पंगतीत बसले आणि आणखी भात मागितला. पाहुणे रुमालानं वारा घेत होते. माझा राग तिथंच निवला. भाऊंनी बसवलेली बॅटरी घरात ठेवून मी निर्धास्त झोपू शकेन, हे मला त्या उकाड्यात कळलं.