उपवासाची बदली

मुलीनं पोलीस भरतीत निवड व्हावी म्हणून सोमवार आणि शनिवारचे उपवास धरले. ती रोज पहाटे कुरुंद्याच्या रस्त्यावर पळायची, संध्याकाळी गोळाफेक करायची आणि त्या दोन दिवशी वाटीभर भगरीवर राहायची. इतर दिवशीही भाकरी अर्धीच, वजन वाढेल म्हणून. त्या हिवाळ्यात तिची सर्दी हटेना. एक गेली की दुसरी. मैदानी चाचणी तोंडावर आली होती आणि आठशे मीटर पळताना ती खोकल्यासाठी मध्येच थांबत होती. यंदा तिचं वय बसत होतं, पुढच्या भरतीला बसणार नव्हतं.

आमचं घर हळद पिकवणारं, त्यामुळे औषधही तेच. बायको दुधात हळद वाढवत गेली. दूध पिवळ्याचं केशरी झालं, खोकला आहे तिथंच.

त्याच हिवाळ्यात आबाही खोकत होते. आबा म्हणजे माझे वडील, पंच्याहत्तरीचे. पडतील या भीतीनं आम्हीच त्यांना घराबाहेर जाऊ देत नव्हतो. चहात टोस्ट बुडवून ते दिवस काढायचे. शेवटी एका मंगळवारी दोघांना एकाच फेरीत वसमतला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी दोघांना विचारलं, काल काय खाल्लं?

"भगर," मुलगी म्हणाली.

"टोस्ट," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही पळते फार, खाते कमी. आजोबा चालतही नाहीत आणि खातही नाहीत. मग आजाराशी लढायला अंगात शिल्लक काय राहणार? हळद घ्या, पण तिनं पोट भरत नाही." मुलीला भरपूर जेवण, डाळी, अंडी आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम सांगितला. आबांना रोजचं चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आणि जेवणात वरण, दही, अंडी.

घरी आल्यावर मुलगी अडून बसली. "देवाला बोललेलं मोडायचं न्हाई. निवड झाली न्हाई तर?"

"मंग तुझे उपवास मला दे," आबा म्हणाले. "मला कुठं पळायचंय?"

"आबा, तुमालाच जास्त खायला सांगितलंय," मी म्हणालो.

"मंग घरात उरलं कोण?" बायको म्हणाली आणि तिघंही माझ्या पोटाकडं बघायला लागले.

"व्हय की," आबा म्हणाले. "देवाला घराण्याशी मतलब. आन् ह्याच्याकडं माल शिल्लक हाय."

मुलीनं देवघरासमोर उभं राहून बदली कळवली. पुढच्या सोमवारी मी भगर खाल्ली आणि तिनं माझ्यासमोर बसून दोन अंडी.

आबा काठी घेऊन शाळेच्या मैदानापर्यंत जाऊ लागले. एका सकाळी पोरगी तिथं नुसतीच बसलेली दिसली. "काहून बसून राहिली गं?" "आज आराम हाय, आबा." "मंग माझ्यासंगं चल, मी काय पळवत न्हाई तुला."

महिन्याभरात दोघांचा खोकला गेला. जेवणामुळे, आरामामुळे, चालण्यामुळे की थंडी सरल्यामुळे, हे मला सांगता येत नाही. सगळं एकदमच सुरू केलं होतं. पण मुलीची भाकरी दीडवर गेली आणि आबा हात न टेकता उठू लागले, एवढं मी स्वतः पाहिलं.

चाचणी हिंगोलीला झाली. आत फक्त उमेदवार. मी फाटकाबाहेर उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा मी वेळेचं विचारायच्या आधी खोकल्याचं विचारलं.

"आठवलाच न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "आन् टायमात बसलं."

मैदानी यादीत तिचं नाव आलं. आता लेखी बाकी आहे. ती दिवसभर पुस्तकात मान घालून बसते आणि आबा दर थोड्या वेळानं काठी आपटून तिला उठवतात, "चल गं, अंगणात दोन चकरा मारू. बसून बसून माणूस बिघडतंय."