उस्तादांची वायर-परीक्षा

गॅरेजचं शटर वर जाई तेच मुळी नाटकाच्या पडद्यासारखं, कुरकुरत, मध्येच अडकत. मागे मंच उजळे: भिंतीवर टांगलेले पाने, तेलाने काळंभोर झालेलं टेबल आणि मधोमध आमचे उस्ताद. स्कूटर, पंप, जनरेटर, काहीही दुरुस्तीला आणा. मी उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं, पण अशी एंट्री मला कधी जमली नाही.

त्यांचा हुकमी प्रवेश एकच. चार्जिंगची तक्रार आली की इंजिन सुरू करायचं, हात उंचावायचा आणि बॅटरीची वायर खस्सकन उपसायची. इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग ठणठणीत. बंद पडलं तर दोष गिऱ्हाइकाचा. जुन्या गाड्यांना हा खेळ चाले. नव्या गाड्यांत बॅटरी बाजूला झाली की वीज मोकाट सुटते आणि तिला लगाम घालणारा रेग्युलेटरच जळतो. उस्तादांना हे अमान्य. "मीटर बहिऱ्यांसाठी. मला इंजिन स्वतः सांगतं!"

त्या सकाळी स्कूटर होती वहिनींची, म्हणजे उस्तादांच्या बायकोची. तिच्यावरूनच त्या शिवणाचे क्लास घ्यायला जात. रेग्युलेटर पुन्हा जळला होता. वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता बंद पडली तर समोर नेणार." समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं गॅरेज, उस्तादांच्याच जुन्या शागिर्दाचं. अख्ख्या बाजारादेखत उस्तादांची बायको तिथे!

नवा रेग्युलेटर बसला. इंजिन सुरू झालं. वहिनींनी पर्समधून मीटर काढून बॅटरीला लावला.

"चौदा व्होल्ट दाखवतोय. चार्ज होतेय. आता हात लावू नका."

"अगं, एकदा खात्री..."

"अहो, दुकानदाराने बजावलंय, चालू इंजिनवर वायर काढू नका!"

"दुकानदार विकतो. दुरुस्त मी करतो."

हात उंचावला. खस्सकन! हेडलाइट क्षणभर लखलखला नि विझला. जळका वास सुटला, इंजिन गचके खात थांबलं.

वहिनींनी हँडल धरलं आणि स्कूटर समोरच्या गॅरेजकडे वळवली. उस्तादांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच स्कूटर ढकलत रस्ता ओलांडला. मला वाटलं, आता माफीचा प्रवेश. मी रुमालही काढला.

शागीर्द धावत आला. "उस्ताद, तुम्ही?"

उस्ताद छाती फुगवून शेवटच्या दुकानापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "रेग्युलेटर बदल. आणि चालू इंजिनवर वायर काढू नकोस. काही लोकांना तेवढीही अक्कल नसते!"