वर्षाचा कोच कोण

युरोपातल्या फुटबॉलचा मोसम मे महिन्यात संपतो आणि मग आमचा सुरू व्हायचा. दादा आणि मी, दोघांनी मिळून त्या वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरवायचा. या पुरस्कारात ना चषक होता ना हार, आणि त्या बिचाऱ्या कोचला तर पत्ताही नसायचा. नियम एकच, दोघांचं एकमत झालं पाहिजे. ते कधीच झालं नाही. दादाचं म्हणणं, जो जिंकला तो मोठा, बाकी सगळ्या गप्पा. मला छोट्या क्लबांचे कोच आवडायचे, चांगले खेळाडू विकले गेल्यावर उरलेल्यांना घेऊन लढणारे. आम्ही इतके तावातावाने भांडायचो की नाशिक रोडच्या त्याच्या सोसायटीत नव्याने आलेल्यांना आमच्यात इस्टेटीचा वाद आहे असं वाटायचं.

यंदा मेच्या सुरुवातीलाच दादाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करताच टाके घातले. गाठ यकृतापर्यंत पसरली होती. हे त्यांनी वहिनीला आणि मला सांगितलं, दादाला नाही. वहिनीने माझे दोन्ही हात धरले.

"ताई, त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. कळलं तर ते आजच हाय खातील."

मी शब्द दिला. गाठ काढली, आता फक्त ताकद भरून यायची आहे, असं आम्ही दादाला सांगितलं.

तो घरी आल्यावरच्या रविवारी सकाळी मी गेले. तो गॅलरीत खुर्चीवर बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. वहिनी आत मेथी निवडत होती.

"बस. कोच ठरवायचाय," तो म्हणाला.

मी माझा उमेदवार सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि जे नाव घेतलं त्याने मी चाट पडले. त्या कोचचा संघ तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता.

"हरले, पण शेवटपर्यंत कसे खेळले बघ ना," दादा म्हणाला.

एरवी मी त्याची सालटी काढली असती. मुद्दे जिभेवर आलेही होते. पण त्याचं मनगट दिसलं, आणि वाटलं, आयुष्यात एकदा तरी याच्या मनासारखं होऊ दे.

"खरंय तुझं," मी म्हणाले. "त्यालाच देऊन टाकू."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने बोलत सुटले, त्या कोचने बचावफळी कशी सुधारली, पोरांना कसा धीर दिला, काय वाट्टेल ते.

"बास कर," तो हळूच म्हणाला. "तळाला गेलेल्या संघाच्या कोचला कोणी पुरस्कार देतं का? मलाही पटत नाही. मुद्दामच म्हटलं. म्हटलं बघू, ही भांडते का."

वहिनीने इतकं जपलेलं मी माझ्याच तोंडाने फोडलं होतं, आणि तेही मायेपोटी. जन्मभर भांडकुदळ म्हणून नाव कमावलं आणि नेमकं त्या दिवशी मला शहाणपण सुचलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"किती दिवस म्हणाले?" त्याने विचारलं.

"पावसाळा निघेल म्हणतात."

समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं, तिकडे तो बघत राहिला.

"आज आवाज कसा नाही तुमचा?" वहिनीने आतून विचारलं. "झालं की काय एकमत?"

"कसलं एकमत! ही कधी माझं ऐकते का?" दादा आत बघून ओरडला. मग माझ्याकडे झुकून पुटपुटला, "मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिला नाही झेपायचं. चल, भांड आता. मोठ्याने."

मी भांडले. रडू आवरत त्याच्या कोचला नाही नाही ते बोलले, आणि दादा दम लागेपर्यंत त्या हरलेल्या माणसाची बाजू लढवत राहिला. आत वहिनी हसत होती.