साडूंची टाकी

आमच्या साडूंइतका गुळगुळीतपणाचा वैरी उभ्या पुण्यात सापडायचा नाही. हडपसरच्या एका कारखान्यात ते माणसाच्या खुब्यात बसवायच्या टायटॅनियमच्या दांड्यांवर लेसर मारतात आणि त्यांना खरखरीत करतात. "चकचकीत धातूला हाड धरत नाही हो!" हे त्यांचं ब्रीद. कामावर हातमोजे घालावे लागतात, म्हणून बोटांची सगळी हौस बाहेर भागवतात. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरून नख फिरवणार, मग नमस्कार. आम्ही फरशा बघायला गेलो, तर एका आरशासारख्या फरशीवर हात फिरवून दुकानदाराला म्हणाले, "यावर माणूस टिकायचा नाही, हाड काय टिकणार?" दुकानदार म्हणाला, "हाडं घरी ठेवून या, काका." पुणेच ते!

आपल्या कामाला ते 'टाकी' म्हणतात. पाटा झिजला की छिन्नीने टोचून घेतात ना, ती टाकी. "मी उजेडाने टाकी लावतो," असं त्यांनी सोसायटीत सांगितलं मात्र, रविवारी सेक्रेटरी दारात हजर. "अहो, गच्चीवरची टाकी गळतेय, जरा बघता का?" साडू गेलेही! आतून हात फिरवून, "फारच गुळगुळीत आहे," असं सांगून आले.

मग सासूबाईंचा खुबा गेला. आता ऑपरेशन केलं नाही तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सासूबाईंचा एकच हेका, "परकं लोखंड माझ्या अंगात राहायचं नाही." मी त्यांचा लाडका जावई, गोड बोलण्यात माझा हातखंडा. तासभर समजावलं. "बरं हं," म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. साडूंनी मात्र स्वयंपाकघरातून त्यांचा पाटाच उचलून आणला, धापा टाकत खाटेवर ठेवला आणि त्यांचा हात त्यावर टेकवला.

"आई, टाकी नसती तर यावर चटणी वाटली गेली असती का? तुमच्या दांडीलाही अशीच टाकी असणार. हाड धरतं."

सासूबाईंनी पाटा चाचपला. "बारीक असते ना?"

"याच्याहून बारीक."

"मग करा."

ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही दोघे जावई दोन बाजूंना होतो. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, जरा चाचपला, सोडला आणि साडूंचा राकट पंजा घट्ट पकडून दारापर्यंत चालत गेल्या. साडू ढसाढसा रडत होते. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? हल्ली मी हाताला क्रीम लावायचं सोडून दिलंय. बघू, कधीतरी माझाही धरतील.