प्रॉम्प्टरची मैदानातून हकालपट्टी

समस्त नाट्यरसिकांना आणि विशेषतः माझ्या सासरच्या मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ब्रिस्टलमधल्या एका फुटबॉलच्या मैदानावरून ज्या मराठी बाईला सर्वांदेखत बाहेर काढण्यात आले, ती बाई मीच. मी मारामारी केली नव्हती, बाटली फेकली नव्हती. गुन्हा एकच. कुजबुज.

तेव्हा डीव्हीडी भाड्याने मिळायच्या आणि आम्हाला ब्रिस्टलला येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा विमानांच्या पंखांची गणितं करायचा. शेजारी राहायचा एक साठीला टेकलेला गृहस्थ. मानेवर क्लबचं चिन्ह गोंदवलेलं, गुडघे कामातून गेलेले. तरुणपणी हा दर शनिवारी फुटबॉल बघायला म्हणून जायचा आणि मारामारी करून यायचा. सामना कोण जिंकलं हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. शेवटी त्याच्या क्लबनं त्याला मैदानात पाऊल ठेवायला जन्मभर बंदी केली.

त्यानं मला कुंपणावरून पहिल्यांदा "ऑल राइट, माय लव्हर?" अशी हाक मारली, तेव्हा कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या हातातले चिमटे गवतात पडले. ब्रिस्टलात बसचा ड्रायव्हरसुद्धा बायकांना असंच म्हणतो, हे कळेपर्यंत दोन दिवस आमच्या घरात फार सभ्य शांतता होती.

एके दिवशी तो कुंपणाशी आला तो सुपरमार्केटच्या पिशवीत गुंडाळलेली स्क्रिप्ट घेऊन. एक तरुण दिग्दर्शिका विनोदी सिनेमा काढत होती. म्हातारा होत चाललेला फुटबॉल गुंड सुधारायचं ठरवतो, शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम धरतो आणि पहिल्याच दिवशी एका गाडीवाल्याची कॉलर पकडतो, अशी गोष्ट. गुंड कसे बोलतात ते ऐकायला ती पबमध्ये गेली आणि मुख्य नटच घेऊन परत आली.

"तू नाटकातली ना?" त्यानं विचारलं. "मला हे पाठ करून दे."

मी नाटकातलीच, पण विंगेतली. पुण्यात हौशी नाटकांना वीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं होतं, आणि ब्रिस्टलला आल्यावर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतली नाटकं माझ्याच कुजबुजीवर तरत होती. ऑफिसच्या कामातून पाठांतराला वेळ कुणाला? मी आधी हळू बोलायची, मागोमाग नट मोठ्यानं बोलायचा. कारकिर्दीला डाग एकच. पुण्यात एका ज्येष्ठ नटाला मी जरा घाईनं वाक्य पुरवलं, तर त्यांनी प्रयोगानंतर भर विंगेत मला झापलं. "बाई, मी विसरलो नव्हतो! थांबलो होतो!"

तर कुंपणावर तालमी सुरू झाल्या. स्क्रिप्टमधल्या शिव्या त्याला न वाचताच पाठ होत्या. काही त्यानं पदरच्या घातल्या, आणि त्या जास्त चांगल्या होत्या. अडायचं शेवटच्या प्रसंगाला. रिकाम्या मैदानावर तो आपल्या मुलीला म्हणतो, "चुकलं माझं." तिथे आला की गाडी बंद.

"दोन शब्द तर आहेत," मी म्हटलं.

तो कुंपणाच्या फळीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझी खरी मुलगी कार्डिफला असते. सहा वर्षं बोलत नाही माझ्याशी."

"का हो?"

"तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचा काका आमच्या टीमबद्दल काहीतरी बोलला."

"मग?"

"काका केकमध्ये."

"केकमध्ये म्हणजे?"

"तिन्ही मजले."

मी हसले नाही. म्हणजे, तिथे हसले नाही. तो म्हणाला, "सिनेमा झाला की तिला तिकीट पाठवणार. समोर उभं राहून मला नाही जमणार. पडद्यावरून तरी ऐकेल."

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी त्याच्याच शब्दाखातर मला मैदानावरच्या चहाच्या टपरीत उभं केलं. मला संवाद नव्हता, फक्त कप पुसायचे होते. मैदान दुसऱ्याच एका छोट्या क्लबचं होतं, तेही चार वाजेपर्यंतच मिळालेलं. प्रसंग आज झाला नाही तर तो सिनेमातून जाणार, हे दिग्दर्शिकेनं सगळ्यांना बजावलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. सिनेमातल्या मुलीचं काम करणारी नटी समोर उभी. आमचा शेजारी त्या वाक्यापाशी आला आणि थांबला. माझ्या हातात कप होता, पण वीस वर्षांची सवय घशात होती. मी मुरलेल्या, पोटातल्या, शेवटच्या रांगेला ऐकू न जाणाऱ्या आवाजात म्हटलं, "चुकलं माझं."

साउंडवाल्यानं डोक्यावरचे हेडफोन काढले. "इथे आणखी कुणीतरी माफी मागतंय."

पुन्हा. पुन्हा तो थांबला, पुन्हा मी. तिसऱ्या वेळी साउंडवाला आपला लांब काठीचा माइक घेऊन वास काढत टपरीपर्यंत आला. दिग्दर्शिका माझ्यापुढे येऊन फार नम्रपणे म्हणाली, "तुम्ही प्लीज मैदानाबाहेर जाल का?" मी एप्रनसकट निघाले. त्याच्याजवळून जाताना तो डोळा मारून म्हणाला, "वेलकम टू द क्लब, माय लव्हर."

बाहेर जाळीच्या कुंपणाला नाक लावून मी उभी राहिले. तिथून आवाज येत नव्हता, दिसत होतं फक्त. तो त्याच जागी आला आणि थांबला. मी एप्रनचं टोक दातांत धरलं. तो थांबलेलाच. कॅमेरा चालू. आयुष्यात इतका वेळ मी कुठल्याही नटाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. मग त्याचे ओठ हलले, आणि दिग्दर्शिकेनं आनंदानं दोन्ही हात वर केले.

"म्हणालात ना?" परतताना मी गाडीत विचारलं.

"थिएटरात ऐक," तो म्हणाला.

काही महिन्यांनी गावातल्या छोट्या थिएटरात पहिला खेळ लागला. तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी आणि नवरा मधे कुठेतरी. त्याची मुलगी मी ओळखली ती त्याच्या खिडकीतल्या फोटोमुळे. दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, कोट न काढता, पर्स मांडीवर धरून. लोक गाडीवाल्याच्या कॉलरीला हसले, घरगुती शिव्यांना तर टाळ्या पडल्या. ती हसली नाही. तो मागे वळून बघायचा आणि पुन्हा पुढे.

शेवटी ते मैदान आलं. दिग्दर्शिकेनं तो पॉज अख्खाच्या अख्खा ठेवला होता. पडद्यावर त्याचा तो एवढा मोठा चेहरा, तोंड अर्धवट उघडं. थिएटरात कुणी पॉपकॉर्नसुद्धा चावेना. मी माझ्याच तोंडावर हात ठेवला, आणि नवऱ्यानं खबरदारी म्हणून त्यावर आपला.

त्यानं ते वाक्य कसं म्हटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण नेमक्या त्याच वेळी सगळं थिएटर हसत होतं, आणि पहिल्या रांगेतला इस्त्रीचा शर्ट गदगदत होता. पडद्यावरचा तो तोंड उघडायच्या आधीच दाराजवळून, सहा वर्षांनी, मोठ्यानं आवाज आला होता:

"बरं, केलं माफ! बोल आता पुढे, डॅड, लोकांना घरी जायचंय!"